क्रेडिट अहवालातील जुनी थकबाकी : पैसे भरण्याआधी काय तपासावे आणि नोंद कशी मिटवावी

घरकर्जाचा अर्ज केवळ नऊ-दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या क्रेडिट कार्डाच्या किंवा दुचाकीच्या कर्जाच्या थकबाकीमुळे फेटाळला जाणे, ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. रक्कम कित्येकदा किरकोळ असते. नोकरीबरोबर पत्ता आणि मोबाइल क्रमांक बदललेला असतो, बँकेची पत्रे जुन्या भाड्याच्या घरी जात राहिलेली असतात आणि कर्जदाराच्या मनातून ते खाते केव्हाच पुसले गेलेले असते. अशा वेळी काही जण घाबरून, वसुली प्रतिनिधी फोनवर सांगेल ती रक्कम त्याच दिवशी भरतात. काही जण ‘सात वर्षे झाली की नोंद आपोआप जाते’ या ऐकीव गोष्टीवर विसंबून गप्प बसतात. दोन्हींत नुकसान कर्जदाराचेच होते. आधी तपासणी, मग लेखी तडजोड, त्यानंतर पैसे आणि शेवटी नोंद बदलल्याची खात्री, असा या कामाचा क्रम आहे आणि तो मोडला की पैसेही जातात व नोंदही तशीच राहते.

चारही अहवाल मागवा

भारतात रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने काम करणाऱ्या क्रेडिट माहिती कंपन्या (प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवून क्रेडिट अहवाल देणाऱ्या कंपन्या) चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपल्याकडे सगळ्यालाच ‘सिबिल’ म्हणण्याची पद्धत पडल्यामुळे बहुतेक जण एकच अहवाल पाहतात आणि तिथेच फसतात, कारण एका कंपनीकडे बंद दिसणारे खाते दुसरीकडे थकीत दिसू शकते आणि नवे कर्ज देणारी संस्था यांपैकी कोणाचा अहवाल पाहील हे आपल्या हातात नसते. प्रत्येक कंपनीने प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१७ पासून लागू आहे. हे अहवाल त्या त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट घ्यावेत. मोबाइलवरील ॲप फुकट गुण (क्रेडिट स्कोअर) दाखवतात, पण गुण म्हणजे अहवाल नव्हे; आणि त्या ॲपचा खरा व्यवसाय बहुधा नवे कर्ज विकण्याचाच असतो. आपला अहवाल आपणच मागवल्याने गुण कमी होत नाहीत, त्यामुळे ती भीती मनातून काढून टाकावी.

नोंद वाचताना

अहवालात प्रत्येक कर्जखात्याचा स्वतंत्र चौकोन असतो. त्यात सात गोष्टी बारकाईने पाहायच्या असतात : कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव, खाते उघडल्याची तारीख, शेवटचा भरणा झाल्याची तारीख, माहिती शेवटची कळवल्याची तारीख, चालू शिल्लक, थकीत रक्कम आणि खात्याची स्थिती. त्याखाली मागील ३६ महिन्यांचा परतफेडीचा इतिहास छोट्या चौकटींत दिलेला असतो. ‘०००’ म्हणजे त्या महिन्यात हप्ता वेळेवर होता, ‘०९०’ म्हणजे नव्वद दिवस थकलेला होता, आणि ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे संस्थेने त्या महिन्याची माहितीच कळवली नाही. जुन्या खात्यांत ही ‘एक्सएक्सएक्स’ची रांग पुष्कळदा दिसते. ती थकबाकीची खूण नाही.

समजा, नोंद अशी आहे : क्रेडिट कार्ड, उघडल्याची तारीख जून २०१४, शेवटचा भरणा ऑगस्ट २०१६, स्थिती ‘रिटन-ऑफ’, निर्लेखित एकूण रक्कम ६१,२००, त्यातील मुद्दल १८,४००. या एका चौकोनातून पुष्कळ काही कळते. मूळ खर्च साडेअठरा हजारांच्याही आत होता आणि उरलेले जवळजवळ त्रेचाळीस हजार रुपये म्हणजे व्याज, उशिराचा आकार आणि त्यावरचा कर आहे. कार्डावर दरमहा तीन ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागत असल्यामुळे रक्कम अशी फुगते. तडजोडीची बोलणी करताना हे दोन आकडे वेगवेगळे हातात असणे फार महत्त्वाचे आहे, कारण समोरचा माणूस नेहमी मोठाच आकडा सांगणार असतो.

‘रिटन-ऑफ’ म्हणजे कर्ज माफ झाले, असा समज सर्रास आढळतो आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे. कर्ज निर्लेखित करणे ही बँकेच्या ताळेबंदापुरती गोष्ट आहे. वसूल होण्याची आशा उरली नाही म्हणून बँकेने ती रक्कम स्वतःच्या हिशेबातून काढलेली असते, पण कर्जदाराकडून ती मागण्याचा हक्क तिने सोडलेला नसतो. ‘सेटल्ड’ या शब्दाचा अर्थ असा की कर्जदाराने देण्यापेक्षा कमी रक्कम भरली आणि उरलेली संस्थेने सोडून दिली. ‘क्लोज्ड’ म्हणजे सर्व देणे फिटून खाते बंद झाले. निर्लेखित झाल्यानंतर पूर्ण रक्कम भरली तर ‘पोस्ट राइट-ऑफ क्लोज्ड’ अशी स्थिती कळवता येते. नवे कर्ज देणाऱ्याच्या नजरेत या शब्दांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून पैसे भरण्याच्या आधीच आपल्याला नेमका कोणता शब्द हवा आहे हे ठरलेले असले पाहिजे.

आता त्या सात वर्षांविषयी. क्रेडिट माहिती कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षे जतन करावी असा आपल्याकडे नियम आहे. ही किमान मर्यादा आहे, कमाल नव्हे. सात वर्षांनंतर थकीत नोंद अहवालातून वगळण्याची सक्ती अमेरिकेच्या कायद्यात आहे, आणि तिथली माहिती वाचून किंवा तिथल्या नातेवाइकांकडून ऐकून अनेकांनी ती आपल्याला लागू करून घेतली आहे. भारतात संस्था जोवर ते खाते थकीत म्हणून कळवत राहते, तोवर ते अहवालात दिसत राहू शकते.

तारखांचा हिशेब

पैसे भरण्याआधी, फोनवर काही कबूल करण्याआधी आणि कोणत्याही कागदावर सही करण्याआधी दावा दाखल करण्याची मुदत संपली आहे का, हे तपासावे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार साध्या, विनातारण पैशांच्या देण्यासाठी दावा करण्याची मुदत तीन वर्षे आहे. स्थावर मालमत्ता गहाण ठेवून घेतलेल्या कर्जात ती गहाण मालमत्तेविरुद्ध बारा वर्षे असते. मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची हे करारावर आणि हप्त्यांच्या तारखांवर अवलंबून असते, तरी क्रेडिट कार्ड आणि वैयक्तिक कर्जाच्या बाबतीत शेवटचा भरणा आणि त्यानंतरची पहिली चुकवलेली तारीख यांपासून विचार सुरू करता येतो. यात एक गोष्ट हमखास विसरली जाते : करोनाच्या साथीमुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिलेला आहे. त्यामुळे २०१८ मध्ये थकलेल्या कर्जाची मुदत २०२१ मध्ये संपली, असे समजणे चूक ठरेल. वरच्या उदाहरणातील कार्ड मात्र २०१६ मध्ये थकलेले आहे, त्याची तीन वर्षे साथीच्या आधीच संपली होती.

मुदत संपली म्हणून देणे नाहीसे होत नाही. दावा करून वसूल करण्याचा मार्ग तेवढा बंद होतो, देणे देणेच राहते आणि अहवालातील नोंदही राहते. ज्याला घरकर्ज हवे आहे त्याची सुटका ‘मुदत संपली’ एवढे म्हणून होणार नाही. या माहितीचा उपयोग बोलणीत होतो : ज्या कर्जासाठी संस्था न्यायालयात जाऊ शकत नाही, त्या कर्जावर ती मुद्दलाच्या जवळपासची रक्कम स्वीकारण्यास सहसा अधिक तयार असते.

मुदत नव्याने सुरू कशी होते, हेही माहीत असावे. मुदत चालू असताना कर्जदाराने देणे लेखी कबूल करून सही केली, तर त्या दिवसापासून मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. मुदतीच्या आत काही रक्कम भरली आणि त्या भरण्याची कर्जदाराच्या अक्षरात किंवा सहीने नोंद असली, तरीही तसेच होते. मुदत संपल्यानंतरच्या साध्या कबुलीने ती पुन्हा जिवंत होत नाही, पण ‘मी ही रक्कम देईन’ असे लेखी वचन सहीनिशी दिले तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे ते वचन स्वतःच बंधनकारक ठरते. ई-मेलमधील मजकूरही लेखी कबुलीत धरला जाऊ शकतो. ‘साहेब, आत्ता फक्त हजार रुपये भरा आणि या फॉर्मवर सही करा, म्हणजे केस थांबेल’ असे कोणी म्हणाले तर त्या हजार रुपयांचा आणि त्या सहीचा खरा अर्थ हा असू शकतो. म्हणून तुकड्यातुकड्याने भरणा करू नये.

संस्थेने आधीच दावा लावून हुकूमनामा (न्यायालयाचा वसुलीचा आदेश) मिळवला असेल तर मात्र तीन वर्षांचा प्रश्नच उरत नाही, कारण हुकूमनाम्याची अंमलबजावणी बारा वर्षांपर्यंत मागता येते. समन्स जुन्या पत्त्यावर गेल्यामुळे एकतर्फी निकाल झालेला असण्याची शक्यता खरोखर असते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो; त्या वेळी आपण जिथे राहत होतो तो जिल्हा आणि करारात न्यायालयाचे जे ठिकाण लिहिले होते ते, दोन्ही तपासावेत. फायनान्स कंपन्यांच्या करारात लवादाचे कलम असते आणि लवादाचा निवाडाही हुकूमनाम्यासारखाच अमलात आणता येतो. असे काही सापडले तर पुढची पावले वकिलाला विचारूनच टाकावीत. खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पात्र व्यक्तींना मोफत साहाय्य मिळते.

कर्ज आज कोणाकडे आहे

बँका जुनी थकीत कर्जे मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात. तसे झाले असेल तर अहवालात मूळ बँकेच्या नोंदीवर ‘अकाउंट सोल्ड’ असा उल्लेख आणि नव्या कंपनीच्या नावाने वेगळा चौकोन दिसू शकतो. मूळ बँकेच्या शाखेत जाऊन विचारले की ‘आमच्याकडे तुमचे काहीच येणे नाही’ असे उत्तर मिळते, आणि ते खरेही असते, कारण येणे आता दुसऱ्याचे झालेले असते. अशा वेळी कर्ज केव्हा, कोणाला हस्तांतरित झाले याचे लेखी उत्तर मूळ बँकेकडून आणि हस्तांतरणाचे पत्र नव्या कंपनीकडून मागावे. ज्याला येणे घेण्याचा अधिकारच नाही त्याला पैसे देऊन बसण्यापेक्षा हा पत्रव्यवहार कितीही कंटाळवाणा वाटला तरी करावाच. वसुली एजन्सी ही कर्जाची मालक नसते. ती मालकाच्या वतीने पैसे मागणारी असते. तिच्या खात्यात किंवा प्रतिनिधीच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही भरू नये. भरणा केवळ कर्जखात्यातच करावा आणि पावतीवर तो खाते क्रमांक आहे याची खात्री करावी.

याच टप्प्यावर संपूर्ण खातेउतारा मागावा, अगदी पहिल्या दिवसापासूनचा. कोणत्या दिवशी किती मुद्दल होते, व्याज कोणत्या दराने लावले, कोणते आकार धरले, हे त्यातून दिसते. पुष्कळदा असे आढळते की कार्ड बंद करायला सांगितल्यानंतर लागलेले वार्षिक शुल्कच पुढे व्याजासह हजारोंत गेले आहे. कार्ड बंद करण्याची विनंती केल्यावर, थकबाकी नसल्यास सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावे आणि उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२ पासून आहे. त्यापूर्वीच्या विनंतीलाही पुरावा असेल तर तो बोलणीत भक्कम आधार होतो, म्हणून जुने ई-मेल आणि एसएमएस शोधून काढण्याचे कष्ट घ्यावेत.

नोंद चुकीची असेल तर

काही नोंदी मुळातच आपल्या नसतात. तेच नाव, तेच आडनाव आणि जवळची जन्मतारीख असलेल्या दुसऱ्या व्यक्तीचे खाते आपल्या अहवालात चिकटणे, पूर्ण फेडलेले कर्ज चालू दिसणे, एकच कर्ज बँक आणि खरेदीदार कंपनी अशा दोघांकडेही थकीत दिसणे, किंवा आपल्या पॅनचा गैरवापर करून दुसऱ्यानेच कर्ज उचललेले असणे, हे चारही प्रकार घडतात. शेवटच्या प्रकारात संस्थेला लेखी कळवण्याबरोबरच सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर आणि पोलिसांकडे तक्रार नोंदवावी, कारण त्या तक्रारीच्या प्रतीशिवाय संस्था सहसा पुढे सरकत नाही.

चुकीच्या नोंदीची तक्रार ज्या क्रेडिट माहिती कंपनीच्या अहवालात चूक आहे तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य करता येते, आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडेही करता येते. दोन्हीकडे एकाच दिवशी करावी. क्रेडिट माहिती कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही, तिला संस्थेचा होकार लागतो. म्हणून ‘थोड्या पैशांत नोंद काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटांकडे असा कोणताही गुप्त मार्ग नसतो. ते जे करतात ते आपण घरबसल्या फुकट करू शकतो, आणि ते मात्र आपला पॅन, आधार आणि ओटीपी घेऊन बसतात. तक्रारीबरोबर बेबाकी दाखला (सर्व देणे फिटल्याचे संस्थेचे पत्र), शेवटच्या भरण्याची पावती आणि त्या महिन्याचा बचत खात्याचा उतारा जोडावा.

तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला देण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेने २६ एप्रिल २०२४ पासून लागू केली आहे. यात संस्थेने २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवायची असते. ती वेळेत पाठवली नाही तर भरपाईचा भार संस्थेवर, आणि ती वेळेत मिळूनही दुरुस्ती झाली नाही तर क्रेडिट माहिती कंपनीवर पडतो. तक्रार फेटाळली तर कारण कळवणे बंधनकारक आहे. शंभर रुपये ही रक्कम लहान वाटेल, पण तक्रारीचा दिनांक आणि क्रमांक नमूद करून ‘भरपाई अमुक तारखेपासून देय आहे’ असे स्मरणपत्र पाठवले की त्याची दखल घेतली जाण्याची शक्यता नक्कीच वाढते.

तिथेही दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. क्रेडिट माहिती कंपन्या सप्टेंबर २०२२ पासून या लोकपाल योजनेच्या कक्षेत आल्या आहेत. तक्रार आधी संस्थेकडे केलेली असावी आणि तिला ३० दिवस उलटलेले असावेत किंवा उत्तर असमाधानकारक असावे, ही अट आहे. त्यानंतर फार वेळ न घालवता ‘सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. तिला शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही.

देणे खरे असेल तर

देणे खरोखर आपलेच असेल, तर पूर्ण भरायचे की तडजोड करायची हा निर्णय आकड्यांवरून घ्यावा लागतो. माझे मत स्पष्ट आहे : रक्कम एक-दोन महिन्यांच्या पगारात बसण्यासारखी असेल आणि पुढच्या काही वर्षांत घरकर्ज घ्यायचे असेल, तर आकार आणि जादा व्याज कमी करण्याचा आग्रह धरावा, मग संस्था कायम ठेवील ते देणे पूर्ण भरावे आणि ‘क्लोज्ड’ अशीच नोंद मिळवावी. वीस-पंचवीस हजार वाचवण्यासाठी ‘सेटल्ड’ हा शिक्का पत्करला आणि त्यामुळे पंचवीस लाखांच्या कर्जावर अर्धा टक्का जादा व्याज पडले, तर वर्षाला बारा हजारांच्या वर फटका बसतो. संस्था स्वतःच्या चुकीचे आकार मागे घेऊन सुधारित देणे ठरवते, तेव्हा ते पूर्ण भरणे आणि देणे कायम असताना त्यात सूट घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात ‘क्लोज्ड’चा आग्रह न्याय्य आहे, दुसऱ्यात संस्था ‘सेटल्ड’च कळवील. हा फरक पत्रात स्पष्ट झाला पाहिजे.

रक्कम आवाक्याबाहेर असेल, आजारपण किंवा व्यवसाय बुडाल्यामुळे कर्ज थकले असेल, तर तडजोड ही लाज वाटण्याची गोष्ट नाही. कायमच्या ‘रिटन-ऑफ’ नोंदीपेक्षा ‘पोस्ट राइट-ऑफ सेटल्ड’ केव्हाही बरे. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीनुसार तडजोड केलेल्या कर्जदाराला त्याच संस्थेने नवे कर्ज देण्यापूर्वी किमान बारा महिने जाऊ द्यावे लागतात (शेतीकर्ज वगळता), हे लक्षात घेऊन आपले नियोजन करावे. लोकअदालतीत बँका बहुधा अधिक सूट देतात. तिथे झालेल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नसते. मात्र ठरलेली रक्कम ठरल्या तारखेला भरता येणार असेल तरच तिथे सही करावी.

संस्थेला पाठवायचे पत्र पुढीलप्रमाणे असावे. त्यातील शब्दयोजना जाणीवपूर्वक केली आहे, कारण त्यात देण्याची कबुली कुठेही नाही :

‘माझ्या क्रेडिट अहवालात आपल्या संस्थेच्या नावे अमुक खाते क्रमांकाची नोंद दिसते. या नोंदीतील रक्कम मला मान्य आहे असे या पत्रावरून समजण्यात येऊ नये. कृपया खाते सुरू झाल्यापासूनचा संपूर्ण उतारा, करारपत्राची प्रत आणि खाते हस्तांतरित झाले असल्यास त्याचा तपशील द्यावा. माझे कोणतेही हक्क व बचाव कायम ठेवून, प्रकरण अंतिमतः मिटवण्याच्या हेतूने मी एकरकमी प्रस्ताव मागवीत आहे. प्रस्तावात अंतिम रक्कम, भरण्याची शेवटची तारीख, भरण्यानंतर क्रेडिट माहिती कंपन्यांना कळवली जाणारी खात्याची स्थिती आणि बेबाकी दाखला देण्याची मुदत यांचा स्पष्ट उल्लेख असावा.’

याला जे उत्तर येईल ते संस्थेच्या अधिकृत ई-मेलवरून किंवा पत्रशीर्षावर, अधिकाऱ्याच्या सहीने असले पाहिजे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो पुरेसा नाही. त्यावरील खाते क्रमांक आणि रक्कम शाखेत किंवा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पडताळून घ्यावी. पैसे धनादेशाने किंवा बँक हस्तांतरणानेच भरावेत.

या काळात वसुलीचे फोन वाढतील. वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, शिवीगाळ किंवा धमकी देऊ नये आणि नातेवाईक व मित्रांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. प्रतिनिधी घरी आला तर ओळखपत्र आणि संस्थेचे अधिकारपत्र मागावे. फोनवर एकच वाक्य पुरते : ‘जे सांगायचे ते लेखी पाठवा.’

जामीनदार, पतसंस्था आणि शेतीकर्ज

पुष्कळांच्या अहवालातील थकबाकी त्यांनी स्वतः घेतलेली नसते. मित्रासाठी, मेहुण्यासाठी किंवा गावातल्या कोणासाठी जामीन राहिल्याची ती नोंद असते. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते आणि संस्था आधी कर्जदाराकडेच गेली पाहिजे असे बंधन नाही. जामीनदाराने कर्ज फेडल्यास ती रक्कम मूळ कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याला मिळतो, म्हणून पावती स्वतःच्या नावाने आणि ‘जामीनदार या नात्याने’ अशा शब्दांत घ्यावी.

सहकारी बँक आणि पतसंस्था यांच्या कर्जाला वर सांगितलेला तीन वर्षांचा हिशेब सरसकट लावू नये. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली संस्थेला थेट वसुली दाखला मिळवता येतो, आणि सभासदाकडील येण्याच्या वादाची मुदत कलम ९२ प्रमाणे सभासदाच्या मृत्यूपासून किंवा सभासदत्व संपल्यापासून मोजली जाते. जुन्या पतसंस्थेचे कर्ज मिटवताना वसुली दाखला निघाला आहे का, हे संस्थेत आणि उपनिबंधक कार्यालयात विचारावे, आणि कर्ज फिटल्यावर तो दाखला निकाली काढल्याचे पत्रही घ्यावे.

ज्या शेतकऱ्यांचे पीककर्ज २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत किंवा २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत माफ झाले, त्यांनीही आपला अहवाल अवश्य पाहावा. लाभ खात्यात जमा झाल्यावर शिल्लक शून्य दिसली पाहिजे; तसे नसेल तर लाभाची पावती जोडून बँकेकडे दुरुस्ती मागावी. सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरला आहे असे गृहीत धरू नये. बँकेचा बेबाकी दाखला घेऊन तलाठी कार्यालयात बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा आणि फेरफाराची नोंद मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करावा.

पैसे भरल्यानंतर

बेबाकी दाखला हातात येईपर्यंत काम संपलेले नसते. दाखल्यावर कर्ज खाते क्रमांक, भरलेली रक्कम, तारीख आणि ‘या खात्यापोटी यापुढे कोणतेही येणे नाही’ हे शब्द असावेत. घर किंवा जमीन तारण असेल तर मूळ कागदपत्रे पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. संस्थेच्या कारणाने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

संस्था आता क्रेडिट माहिती कंपन्यांना दर पंधरवड्याला किंवा त्याहून लवकर माहिती कळवतात. जानेवारी २०२५ पूर्वी हे महिन्यातून एकदा होत असे. त्यामुळे भरण्यानंतर साधारण दीड महिना थांबून चारही अहवाल पुन्हा पाहावेत. त्या वर्षाचा विनामूल्य अहवाल वापरून झाला असेल तर शुल्क भरून घ्यावा, इथे काटकसर करू नये. शिल्लक आणि थकीत रक्कम दोन्ही शून्य, स्थिती ठरल्याप्रमाणे आणि बंद झाल्याची तारीख नोंदलेली, या तिन्ही गोष्टी प्रत्येक अहवालात जुळल्या पाहिजेत. एखाद्या अहवालात जुळल्या नाहीत तर दाखला जोडून तिथे लगेच तक्रार करावी आणि तीस दिवस त्या तारखेपासून मोजावेत. कर्ज विकले गेले असेल तर मूळ बँक आणि खरेदीदार कंपनी अशा दोन्ही नोंदी तपासाव्यात, कारण एक बंद होऊन दुसरी थकीत राहते. आणि वर्षभराने तोच अहवाल आणखी एकदा पाहावा : माहितीप्रणाली बदलताना किंवा जुन्या खात्यांचा गठ्ठा विकला जाताना मिटवलेले खाते पुन्हा थकीत म्हणून उगवू शकते, आणि त्या दिवशी कपाटातला बेबाकी दाखला व त्याची ई-मेलवर ठेवलेली प्रत लागते.